सरकारी जमिनीला तार ओढणाऱ्या बड्या धेंडांना नडणारा घोडेस्वार राष्ट्राध्यक्ष : थिओडोर रुझवेल्ट

गावाकडं भांडणाला दोन कारणं पुरतात. एक बांध आणि दुसरी वाट. सातबारा तुमच्या नावावर असतो, जमीन तुमचीच असते, पण तिथं जायच्या वाटेवर कुणी तार ओढली की सगळं अडतं. मग तहसीलदाराकडं अर्ज, स्थळपाहणी, पंचनामा आणि तारखांवर तारखा. अडवलेली वाट मोकळी करून घ्यायला आपल्याकडं आजही ज्या कायद्याचा आधार घेतात, तो मामलेदार न्यायालय कायदा १९०६ सालचा आहे.

योगायोग बघा, त्याच १९०६ साली तिकडं अमेरिकेतही असाच राडा चालू होता. फरक एवढाच की तिथली तार एका पाणंदीवर नव्हती. ती लाखो एकर सरकारी जमिनीभोवती होती. आणि ती काढायला लावणारा माणूस तहसीलदार नव्हता, खुद्द देशाचा राष्ट्राध्यक्ष होता.

त्यांचं नाव थिओडोर रुझवेल्ट. लहान पोरं ज्याला कवटाळून झोपतात तो टेडी बेअर यांच्याच नावावरून आला. १९०२ साली शिकारीला गेल्यावर बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला त्यांनी नकार दिला, त्यावर व्यंगचित्र आलं आणि त्यातून हे खेळणं जन्माला आलं. ही गोष्ट जगाला माहितेय. पण आज अमेरिकेत सामान्य माणूस घोड्यावर खोगीर टाकून सरकारी जंगलात आणि डोंगरात बिनधास्त जातो, त्यामागं याच माणसानं घेतलेले पंगे आहेत, हे फारसं कुणी सांगत नाही.

दम्याचं पोरगं घोड्यावर बसलं

रुझवेल्ट यांचा जन्म २७ ऑक्टोबर १८५८ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. घर गडगंज श्रीमंत, पण पोरगं अंगानं काडी. त्यात दमा. रात्री श्वास अडकला की वडील त्याला बग्गीत घालून मोकळ्या हवेत फिरवून आणायचे. शरीर कमवायचं असेल तर मेहनत घ्यावी लागेल, हे वडिलांनीच त्याच्या डोक्यात भरवलं. मग व्यायाम, बॉक्सिंग आणि घोडा, तिन्ही सुरू झालं.

पुढं हार्वर्डमधून शिक्षण झालं, लग्न झालं आणि वयाच्या २३ व्या वर्षी गडी न्यूयॉर्कच्या विधिमंडळात निवडून आला. सगळं सुरळीत चाललेलं.

आणि मग १४ फेब्रुवारी १८८४ हा दिवस उजाडला. एकाच दिवशी, एकाच घरात त्यांची आई गेली आणि बायकोही गेली. आई टायफॉइडनं, बायको ॲलिस मूत्रपिंडाच्या आजारानं. मुलगी अवघी २ दिवसांची होती. त्या दिवशी रुझवेल्ट यांनी डायरीच्या पानावर एक मोठी फुली मारली.

लेकीला बहिणीकडं सोपवलं आणि त्यांनी पश्चिमेची वाट धरली. डाकोटा प्रांतातल्या बॅडलँड्स या ओसाड, घळींनी चिरलेल्या मुलखात. आदल्या वर्षी बायसनच्या शिकारीला आले असताना त्यांनी तिथं गुरांच्या धंद्यात १४ हजार डॉलर गुंतवले होतेच. आता लिटल मिसुरी नदीच्या काठावर त्यांनी एल्कहॉर्न नावाचा आपला दुसरा गोठा वसवला. गोठा कसला, हजारो गुरांचा कारभार.

शहरातनं आलेल्या या चष्मेवाल्याची काउबॉय लोकांनी सुरुवातीला चेष्टाच केली. पण गुरं गोळा करायच्या हंगामात हा गडी दिवस दिवस खोगिरावरून उतरायचा नाही, रात्रपाळीला कळपाभोवती घोड्यावरून गस्त घालायचा. हळूहळू चेष्टा थांबली.

मोकळं रान कुणाचं?

आता इथं एक गोष्ट समजून घ्यायला लागते.

त्या काळात अमेरिकेच्या पश्चिमेकडं ओपन रेंज नावाची पद्धत होती. म्हणजे मोकळं रान. आपल्याकडच्या गायरानासारखंच, फक्त गावापुरतं नाही, तर नजर पोचेल तिथपर्यंत. जमीन सरकारची किंवा रेल्वे कंपनीची. तिच्यावर सगळ्यांची गुरं एकत्र चरायची. गुरं कुणाची ते अंगावर दिलेल्या डागावरून ओळखायचं. वर्षातून ठरावीक वेळी सगळे मिळून गुरं गोळा करायचे आणि आपापली वेगळी काढायचे.

गंमत म्हणजे खुद्द रुझवेल्ट यांचा एल्कहॉर्न गोठाही अशाच जमिनीवर होता. त्या जमिनीचा कागद त्यांच्या नावावर कधीच नव्हता. नुसती वहिवाट.

पण मोकळं रान म्हटलं की जो तो आपली गुरं वाढवत सुटला. गवत संपलं. त्यात १८८६-८७ चा हिवाळा असा काही कडक पडला की बर्फाखाली गुरं उभीच्या उभी गोठली. रुझवेल्ट यांची निम्म्याहून जास्त गुरं मेली. धंदा बसला.

या नुकसानीनं त्यांना एक धडा मिळाला. सगळ्यांची जमीन म्हणजे कुणाचीच नाही असं धरून चाललं तर ती संपते. तिला राखणारं कुणीतरी लागतं.

दुसरीकडं याच काळात बड्या गोठेवाल्यांनी वेगळाच उपाय शोधून काढला होता. काटेरी तार. १८७४ साली जोसेफ ग्लिडन यांनी काटेरी तारेचं पेटंट घेतलं आणि पश्चिमेचा नकाशाच बदलला. तार स्वस्त, ठोकायला सोपी. मग काय, ज्याच्याकडं पैसा त्यानं खांब रोवायला सुरुवात केली. स्वतःच्या जमिनीभोवती नाही, सरकारच्या जमिनीभोवती. पाणवठे आत, गवत आत, वाटा आत. छोटा शेतकरी आणि वाटसरू बाहेर. ज्या रानातनं बापजाद्यांपासून घोडी जायची, तिथं मैलोन् मैल वळसा पडायला लागला.

ओरड झाली आणि १८८५ साली संसदेनं कायदा केला. त्यात दोन गोष्टी स्पष्ट होत्या. एक, सरकारी जमिनीला खासगी कुंपण घालायचं नाही. दोन, अशा जमिनीवर शांततेत येणाऱ्या-जाणाऱ्याला तारेनं, धमकीनं किंवा बळानं अडवायचं नाही.

कायदा झाला. तारा मात्र तशाच राहिल्या. कारण तारा ओढणारे साधे लोक नव्हते.

सहा तासांची शिक्षा

पुढं रुझवेल्ट राजकारणात परतले. १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात त्यांनी काउबॉय, शिकारी आणि कॉलेजातली पोरं गोळा करून घोडदळाची पलटण उभी केली. तीच ती प्रसिद्ध रफ रायडर्स. पण जहाजात जागा नव्हती म्हणून बहुतेकांची घोडी फ्लोरिडातच राहिली आणि क्युबात हे घोडदळ पायीच लढलं. वरिष्ठ म्हणून रुझवेल्ट मात्र घोड्यावर होते. टेकडी सर झाली आणि ते देशाचे हिरो झाले.

त्यानंतर न्यूयॉर्कचे गव्हर्नर, मग उपराष्ट्राध्यक्ष. सप्टेंबर १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांची हत्या झाली आणि वयाच्या ४२ व्या वर्षी रुझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले. इतक्या कमी वयात या पदावर बसलेला दुसरा माणूस अमेरिकेत आजवर झालेला नाही.

खुर्चीत बसल्यावर त्यांनी तो धूळ खात पडलेला १८८५ चा कायदा बाहेर काढला.

सगळ्यात गाजलं ते नेब्रास्का राज्यातलं प्रकरण. तिथल्या वाळूच्या टेकड्यांच्या भागात स्पेड रँच नावाचा अवाढव्य गोठा होता. मालक बार्टलेट रिचर्ड्स आणि विल्यम कॉमस्टॉक. रिचर्ड्स यांचे भाऊ तर शेजारच्या वायोमिंग राज्याचे गव्हर्नर राहिलेले. या लोकांनी सरकारी जमिनीला मैलोन् मैल तार ओढली होती.

त्यांचीही एक बाजू होती. या वाळूच्या भागात छोटी शेती टिकत नाही, आम्हाला जमीन भाड्यानं द्या, आम्ही पैसे भरू, असं गोठेवाल्यांचं म्हणणं होतं. त्यात तथ्य होतं. पण भाडेपट्ट्याचा कायदा होईपर्यंत सरकारी जमीन आपलीच समजून तार ओढायची, हे रुझवेल्ट यांना मान्य नव्हतं.

१९०५ च्या नोव्हेंबरमध्ये खटला उभा राहिला. दोघांनी गुन्हा कबूल केला. शिक्षा काय झाली? प्रत्येकी ३०० डॉलर दंड आणि ६ तासांची कैद. तीही तुरुंगात नाही, मार्शलच्या ताब्यात. आणि ते ६ तासही त्यांनी ओमाहा शहरातल्या क्लबात मजेत काढले.

ही बातमी वॉशिंग्टनला पोचली आणि रुझवेल्ट भडकले. त्यांनी थेट तिथल्या सरकारी वकिलाला आणि मार्शलला नोकरीवरून काढून टाकलं.

१९०६ साली दुसरा खटला चालला. यावेळी आरोप मोठा होता. खोट्या नावांवर सरकारी जमिनीचे दावे लावून त्या घशात घालायचा कट. आपल्याकडं बेनामी म्हणतात तसाच प्रकार. दोघांनाही १ वर्षाची कैद झाली. अपिलांमध्ये काही वर्षं गेली, पण १९१० साली रिचर्ड्स यांना तुरुंगात जावंच लागलं आणि १९११ मध्ये, शिक्षा भोगत असतानाच त्यांचा मृत्यू झाला.

पश्चिमेत संदेश गेला. तारा उतरायला लागल्या.

सही करायच्या आधीची मध्यरात्र

पण नुसत्या तारा काढून भागणार नव्हतं. मोकळी झालेली जमीन राखणार कोण?

१९०५ साली रुझवेल्ट यांनी आपले दोस्त गिफर्ड पिंशो यांच्या हातात नवीन वनखातं दिलं. या खात्याच्या रेंजरची भरती वाचली तर मजा वाटेल. लेखी पेपर तर होताच, पण घोड्यावर बसून दाखवायचं, जनावरावर ओझं नीट बांधून दाखवायचं. घोडाही स्वतःचाच आणायचा. याच रेंजर लोकांनी पुढं जंगलातनं गस्तीसाठी वाटा पाडल्या. आज अमेरिकेतले घोडेस्वार ज्या वाटांवरनं जातात, त्यातल्या कितीतरी वाटांची सुरुवात अशी झालीय.

लाकूड कंपन्या आणि गोठेवाले चिडले. १९०७ साली ओरेगनचे सिनेटर चार्ल्स फुल्टन यांनी डाव टाकला. खर्चाच्या विधेयकात एक कलम घुसवलं. वायव्येकडच्या ६ राज्यांत इथून पुढं राष्ट्राध्यक्षाला नवीन राखीव जंगल जाहीर करता येणार नाही. विधेयक खर्चाचं होतं, त्यामुळं सही न करता ते अडवून ठेवणं शक्य नव्हतं.

रुझवेल्ट सही करणारच होते. पण हातात काही दिवस होते. पिंशो यांच्या माणसांनी दिवसरात्र बसून नकाशे काढले आणि रुझवेल्ट यांनी एकामागून एक घोषणांवर सह्या केल्या. २१ नवीन राखीव जंगलं, ११ जुन्यांचा विस्तार, एकूण १ कोटी ६० लाख एकर. सगळं झाल्यावर त्यांनी निवांतपणे ते विधेयक मंजूर केलं. लोकांनी या जंगलांना नावच पाडलं, मध्यरात्रीची जंगलं.

कारकीर्द संपली तेव्हा रुझवेल्ट यांच्या काळात जवळपास २३ कोटी एकर सार्वजनिक जमिनीला संरक्षण मिळालं होतं. अंदाज यावा म्हणून सांगायचं तर तीन महाराष्ट्र मावतील एवढी जमीन.

हे सगळं टेबलावर बसून चाललं नव्हतं. १९०३ च्या मे महिन्यात ते योसेमिटीला गेले, तिथं निसर्गप्रेमी जॉन म्यूर यांच्यासोबत लवाजमा मागं सोडून घोड्यावरनं फिरले, ३ रात्री उघड्यावर झोपले. एक सकाळ तर अंगावर बर्फ पडलेल्या अवस्थेत उजाडली. पुढं जानेवारी १९०९ मध्ये, वयाच्या ५० व्या वर्षी, त्यांनी कहर केला. सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी ३ दिवसांत ९० मैल घोडदौड करून दाखवावी असा हुकूम त्यांनी काढला होता. त्यावर कुरकुर झाली. तर साहेब पहाटे व्हाइट हाउसमधून निघाले, व्हर्जिनियातल्या वॉरेंटनला जाऊन त्याच रात्री परत आले. घोडी बदलत, गारठ्यात, सुमारे १७ तासांत जवळपास १६० किलोमीटर. कुरकुर बंद.

एका वाटेची किंमत १ डॉलर

रुझवेल्ट यांचा सगळ्यात लांबलेला पंगा मात्र एका अरुंद वाटेवरून झाला.

ॲरिझोनातल्या ग्रँड कॅनियनच्या प्रचंड दरीत उतरणारी ब्राइट एंजेल नावाची वाट आहे. ही मुळात हवासुपाई या आदिवासी जमातीची जुनी पायवाट. १८९० च्या सुमारास खाणीच्या शोधात आलेल्या राल्फ कॅमेरॉन आणि त्यांच्या साथीदारांनी ती रुंद केली आणि टोलची वाट म्हणून नोंदवली. १९०१ मध्ये रेल्वे आली, पर्यटक वाढले आणि कॅमेरॉन यांच्या लक्षात आलं की खरी खाण जमिनीत नाही, वाटेवर आहे. घोड्यावरून किंवा खेचरावरून उतरणाऱ्या प्रत्येकाकडून १ डॉलर. त्या काळात ही रक्कम छोटी नव्हती.

१९०३ साली रुझवेल्ट यांनी ही दरी पहिल्यांदा पाहिली आणि तिला कुणी हात लावू नये, असं तिथंच जाहीर भाषणात सांगितलं. १९०६ साली नवीन कायदा झाला, ज्यानं ऐतिहासिक आणि वैज्ञानिक महत्त्वाच्या जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर करायचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला मिळाला. रुझवेल्ट यांनी ११ जानेवारी १९०८ ला हा कायदा ग्रँड कॅनियनला लावला. एका सहीत ८ लाखांहून जास्त एकर.

कॅमेरॉन हटले नाहीत. मोक्याच्या जागांवर त्यांनी खाणीचे दावे लावून ठेवले होते. वाट जिथं सुरू होते तिथं, पाण्याचा झरा होता तिथं. सरकारनं हे दावे फेटाळले, तर ते कोर्टात गेले. एवढ्या मोठ्या दरीला स्मारक म्हणून जाहीर करायचा राष्ट्राध्यक्षाला अधिकारच नाही, असा त्यांचा मुद्दा.

हा निकाल बघायला रुझवेल्ट राहिले नाहीत. ६ जानेवारी १९१९ ला झोपेतच त्यांचा मृत्यू झाला. पुढच्याच महिन्यात ग्रँड कॅनियन राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९२० साली सुप्रीम कोर्टानं कॅमेरॉन यांच्याविरुद्ध निकाल दिला. त्याच वर्षी कॅमेरॉन चक्क सिनेटर म्हणून निवडून आले.

वाटेवरची वसुली तोवर स्थानिक काउंटीच्या हातात गेली होती. शेवटी उद्यान खात्यानं टोल टाळण्यासाठी शेजारी साउथ कैबाब नावाची वेगळी वाटच खोदून काढली. ती १९२५ साली पूर्ण झाली. १९२८ मध्ये ब्राइट एंजेल वाटही उद्यानाकडं आली आणि टोल गेला. आजही खेचरांवर बसून लोक त्या दरीत उतरतात.

पण ज्यांची वाट होती, त्यांचं काय?

इथं गोष्ट संपवली तर ती अर्धवट राहील.

ती वाट सगळ्यांसाठी मोकळी झाली, तेव्हा ज्यांनी ती मुळात पाडली ते हवासुपाई लोक तिथून बाहेर काढले गेले. झऱ्याकाठी ते पिढ्यान् पिढ्या शेती करायचे. तिथं राहणाऱ्या शेवटच्या हवासुपाई माणसालाही १९२८ साली हाकलण्यात आलं. सरकारनं जमातीला दिलेली जमीन होती अवघी ५१८ एकर.

ही चूक फक्त उद्यान खात्याची नव्हती. मूळ रहिवाशांबद्दल रुझवेल्ट यांचे विचार तुच्छतेचे होते. सगळ्यांची जमीन म्हणताना त्या सगळ्यांमध्ये हे लोक त्यांनी धरलेच नव्हते. हवासुपाईंनी मात्र दावा सोडला नाही. १९७५ साली संसदेनं त्यांना १ लाख ८५ हजार एकर जमीन परत दिली. २०२२ साली त्या झऱ्याच्या जागेला हवासुपाई गार्डन्स असं नाव मिळालं.

आणि तो १८८५ चा कायदा? तो अजून जिवंत आहे. वायोमिंगमध्ये रेल्वेला दिलेल्या जमिनींमुळं नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा झालाय. पांढरं घर सरकारी, काळं घर खासगी. एका सरकारी घरातून दुसऱ्यात जायचं तर फक्त कोपऱ्यातनं जाता येतं. असा कोपरा ओलांडणाऱ्या चार शिकाऱ्यांवर जमीनमालकानं दावा लावला होता. मार्च २०२५ मध्ये अपील कोर्टानं शिकाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला. आधार होता तोच, तारा ओढण्याला बंदी घालणारा कायदा.

एखादी जमीन सार्वजनिक आहे असं नकाशावर छापलेलं असतं, पण तिथं जायची वाट अडवलेली असेल तर ती फक्त कागदावरच सार्वजनिक राहते. घोड्यावर आयुष्य काढलेल्या रुझवेल्ट यांना हे कळलं होतं. ज्याच्या शेताची वाट आज अडलीय, त्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला ते वेगळं सांगायची गरज नाही.